तूप नंतर

दीड वर्षापूर्वीच्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या पाककला स्पर्धेत मला उकडीच्या मोदकांसाठी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्पर्धक एकूण सात. त्यात पहिला, दुसरा, तिसरा आणि चार उत्तेजनार्थ, म्हणजे रिकाम्या हाताने कुणी जिना चढू नये अशी चोख व्यवस्था. बक्षिसात एक स्टीलची वाटी आणि एक प्रमाणपत्र. वाटीवर सोसायटीचं नाव होतं आणि प्रमाणपत्रावर माझं, फक्त आडनाव शेजारच्यांचं. परीक्षक बाई भाषणात म्हणाल्या, "यंदा स्पर्धेचा दर्जा इतका उंच होता की निकाल देताना आमचा अगदी कस लागला." हे वाक्य मी बालवाडीतल्या वेशभूषेपासून ऐकत आलोय. रांगोळी असो, वक्तृत्व असो, सुदृढ बालक असो, दर्जा उंच असतोच आणि कस लागतोच. सुदृढ बालकांत तो उंच नसून रुंद असतो, एवढाच फरक.

मोदकांचा फोटो मी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत 19 अंगठे आले. "तोंडाला पाणी सुटलं", "वहिनी, आता तुमचं काही खरं नाही", "निवृत्ती असावी तर अशी!" अमेरिकेतल्या पुतण्याने लिहिलं, "वा काका, मोमो!" सगळ्या प्रतिक्रियांत ही एकटीच खरी होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे गेलो. आत्या ग्रुपवर नाही. ती आमच्यापासून दोन इमारती सोडून राहते, वय 84, माहेर-सासर दोन्ही गुहागरकडचं. डोंबिवलीत पन्नास वर्षं काढूनही तिच्या जिभेवरचं कोकण उतरलेलं नाही. त्यातला गोडवा तेवढा येताना महाडच्या एसटी स्टँडवर राहून गेला असावा. मी वाटी, प्रमाणपत्र, डब्यात चार मोदक आणि वेगळ्या बाटलीत साजूक तूप असा सगळा सरंजाम तिच्यासमोर मांडला. तिने प्रमाणपत्र हातभर लांब धरून वाचलं.

"उत्तेजनार्थ म्हणजे? कसलं उत्तेजन? परत करण्याचं की थांबण्याचं?"

मी ते हसण्यावारी नेलं आणि तुपाच्या बाटलीचं झाकण उघडायला लागलो.

"तूप नंतर," ती म्हणाली. "आधी बघू तरी दे."

तिने चष्मा पदराला पुसला आणि पहिला मोदक नाकाला धरून उचलला. नाक तिच्या चिमटीत आलं, मोदक डब्यात राहिला. "नाक आलं," ती म्हणाली, "गृहस्थ मागाहून येतायत वाटतं." दुसरा तळहातावर घेऊन तिने फिरवला आणि कळ्या मोजल्या. सात. "त्याही वरवरच्या. चिमटा पार बुडापर्यंत गेला पाहिजे. हे तू नुसतं गुदगुल्या केल्यासारखं केलंयस." तिसरा तिने सुरीने उभा कापला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "पारी बघ. मधे कागद, कडेला पुठ्ठा. उलट हवं रे! कडा सगळ्या वर गोळा होतात, त्या जाड राहिल्या की शेंड्याला नुसता पिठाचा गोळा. आणि बूड पातळ, म्हणून गुळाचं पाणी खाली गळलंय." चौथा तिने तोंडात टाकला. तुपाशिवाय. बराच वेळ चावत राहिली, पोस्टातली माणसं मनीऑर्डरचा फॉर्म वाचायची तशी, सावकाश आणि संशयाने. "उकडीला वाफ कमी पडली. पीठ कच्चं लागतंय. झाकण किती वेळ ठेवलंस?"

"अंदाजे," मी म्हणालो.

"अंदाज पन्नास वर्षांनी येतो. तोवर घड्याळ लाव."

माझा चेहरा पडला. शेवटचा बचाव म्हणून मी म्हटलं, "पण आत्या, सगळ्यांना आवडले."

"तूप घालून दिलेस ना? तुपाखाली काय वाटेल ते खपतं. वर्तमानपत्राचा बोळा दे तूप ओतून, लोक म्हणतील खमंग झालाय."

घरी येताना मी मनातल्या मनात तिला बरंच बोललो. दुसऱ्या इमारतीपर्यंत राग टिकला. लिफ्टमध्ये मात्र लक्षात आलं, की 19 अंगठ्यांनी मला एक अक्षर शिकवलं नव्हतं आणि या बाईने दहा मिनिटांत चार गोष्टी सांगितल्या, चारही उद्या सकाळी दुरुस्त करता येण्यासारख्या.

खरं तर दोष अंगठ्यांचाही नाही. 'छान' हा आपला फार सोयीचा शब्द आहे. तो म्हणायला दात, जीभ, मेंदू यांपैकी फारसं काही हलवावं लागत नाही, आणि म्हणून झाला की माणूस चपला घालायला मोकळा. आमच्या घरी बत्तीस वर्षं दर मंगळवारी उपमा छान होतो. मला उपमा आवडत नाही, हे बायको सोडून सगळ्यांना माहीत आहे.

पण 'छान'चं खरं विद्यापीठ म्हणजे हौशी रंगभूमी. कॉलेजात असताना मी एका एकांकिकेत हवालदार होतो. चार वाक्यं होती, त्यातली दोन मी म्हटली आणि तिसरं नायकाचं म्हटलं. प्रयोगानंतर नातेवाईक मेकअप रूममध्ये आले. मामा म्हणाले, "नेपथ्य फार सुंदर होतं." आमचं नेपथ्य म्हणजे दोन लेव्हल आणि एक काळा पडदा, आणि पडदा थिएटरचा. पुढे बरीच वर्षं विंगेत काढल्यावर मला ही भाषा कळायला लागली. कुणी "मेहनत दिसली" म्हटलं की समजायचं, दुसरं काही दिसलं नाही. "विषय वेगळा होता" म्हणजे शेवटपर्यंत कळला नाही. प्रकाशयोजनेचं कौतुक झालं तर माणसाला अंधार आवडला होता. आणि "बाकीचं जाऊ दे, तुझं काम छान झालं" हे वाक्य एकच काका नटसंचातल्या प्रत्येकाला कोपऱ्यात घेऊन सांगून जातात, अगदी चहावाल्याचं काम करणाऱ्या पोरालाही.

या बाबतीत 2022 साली पुण्यात एक अघटित घडलं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा घेते. तिथे 'आव्वाज कुणाचा' म्हणून घसा फोडलेली पोरं पुढे मराठी रंगभूमीवर आणि सिनेमात नाव काढतात. त्या वर्षी अंतिम फेरीच्या परीक्षकांनी जाहीर केलं, की करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही, सबब करंडक कुणालाच नाही. केवढा गदारोळ झाला! दर्जा उंच नव्हता असं चक्क म्हणणारे परीक्षक महाराष्ट्राने पाहिले नव्हते. मी तेव्हा पोरांच्या बाजूने होतो. हवालदाराच्या गणवेशाचं इमान असतं. आत्याच्या हाताखाली सव्वा वर्ष काढल्यावर माझं मत जरा बदललंय, पण अर्धंच. करंडक अडवून ठेवणं हा झाला निकाल. आपल्या नाटकात नेमकं कुणाचं नाक चिमटीत आलं आणि कुणाचं बूड पातळ होतं, हे शेजारी बसवून सांगणारं कुणीतरी त्या पोरांना मिळालं असलं, तर ती पोरं नशिबाची.

कारण नुसती कडक माणसंही काही उपयोगाची नसतात. आमच्या बँकेत एक साहेब होते. मसुदा नेला की त्यावर लाल शाईने उभी रेघ मारायचे आणि खाली लिहायचे, 'पुनश्च.' काय चुकलं, कुठे चुकलं, पत्ता नाही. एकदा मी तोच कागद, तारीख बदलून, तिसऱ्यांदा पाठवला. त्यावर लिहून आलं, 'आता ठीक.' छान म्हणणारा आणि पुनश्च म्हणणारा हे दोघे चुलतभाऊ, मसुदा दोघांनीही वाचलेला नसतो. आत्याने निदान कळ्या मोजल्या होत्या.

तर आत्याने मला शिकवायचं कबूल केलं. दर संकष्टीला अकरा मोदक करून आणायचे, अशी अट. संकष्टीचा उपास सुटतो चंद्रोदयानंतर. चंद्र कधी साडेआठला उगवतो, कधी दहा वाजवतो. म्हणजे परीक्षक दिवसभराची उपाशी. बायको म्हणाली, "बरंच आहे, भुकेल्या माणसाला सगळं गोड लागतं." आत्याच्या पोटाचा आणि मताचा काही संबंध नाही, हे तिला माहीत नव्हतं. भूक एका खणात, मत दुसऱ्या खणात, मधे गुहागरचा जांभा दगड.

पहिल्या संकष्टीला मी खर्चाकडे न बघता बासमतीचं पीठ आणलं. आत्याने चिमूटभर उकड बोटांत चोळली. "हे बिर्याणीत जाऊ दे." मी घरी येऊन वाचलं, तर तिचंच खरं. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून पोळीची कणीक ताणली जाते. तांदळात ते नसतंच. उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, त्या एका चिकटपणावर मोदकाचा सगळा संसार. बासमतीचा गुण म्हणजे दाणा दाण्याला लागत नाही, आणि इथे तोच अवगुण. आंबेमोहोर मऊ, चिकट, शिवाय वासाचा. पुढच्या वेळी मी हे सगळं तिला स्टार्चसकट ऐकवलं. ती म्हणाली, "असेल. पण उकड गरम असतानाच मळायला लागते. हाताला चटका बसला का तुझ्या? नाही? मग मळलीच नाहीस."

दुसऱ्यांदा चटका बसला, पण सारण फसलं. मी गूळ आणला तो चिक्कीचा. थंड झाल्यावर सारणाची अशी खडी झाली, की आत्याने मोदक फोडला आणि विचारलं, "हे नैवेद्याला आहे की नगरपालिकेने टाकलंय?" दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी साधा गूळ, ओलसर आहे तोवरच गॅस बंद करायचा, कारण निवल्यावर ते आणखी आळतं. ओलं राहिलं तर पारी फुटते, जास्त आटलं तर दात. हे सगळं कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'त असेल म्हणून मी आत्याची प्रत मागितली. 1970 साली हे पुस्तक निघालं आणि घराघरांतल्या सासवांची मक्तेदारी संपली असं म्हणतात. आत्याच्या प्रतीला हळदीचा वास आहे आणि समासात पेन्सिलीचे शेरे. 'मीठ कमी.' 'एवढं तेल कशाला?' एका पानावर, दोनदा अधोरेखित, 'करून बघितलं, बरोबर आहे.' ओगलेआजींना मिळालेली ही पावती मी बराच वेळ बघत बसलो.

तिसऱ्या-चौथ्या संकष्टीला पाऱ्यांची पाळी. फाटलेल्या पाऱ्यांच्या मी निवगऱ्या करायला लागलो. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर घालून, थापून वाफवायच्या. माझ्या अपयशाचं प्रमाण असं, की मोदक अकरा आणि निवगऱ्या चाळीस. जावई दोन निवगऱ्या एकदम तोंडात घालून म्हणाले, "बाबा, मोदकांपेक्षा ह्याच छान झाल्यात." त्या छानमध्ये खोट नव्हती, म्हणूनच तो लागला.

आत्या स्वतः आता मोदक करत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी संधिवाताने तिची बोटं वाकली आणि चिमूट मिटेनाशी झाली. ती हवेत हात धरून दाखवते, अंगठा असा, मधलं बोट असं, आणि मी चुकलो की उलथन्याच्या दांड्याने मनगटावर टकटक करते. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या, तुला कुणी असं बोलून बोलून शिकवलं का गं?"

"बोललं असतं तर सुटले असते," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई कधी बोलायच्याच नाहीत. मोदक बिघडला की मुठीत दाबून गोळा करायच्या आणि परत माझ्या तळहातावर ठेवायच्या. बस्स. कुठे बिघडला ते आपलं आपण शोधा. दोन वर्षं गेली माझी. कडा जाड होतायत, एवढं चार शब्दांत सांगायला काय झालं होतं?" मग थोडं थांबून, "हं, वळ. उकड वाळतेय. फडकं कुठाय ओलं?"

मधल्या गणपतीत मी स्पर्धेत उतरलो नाही. सोसायटीने मला परीक्षक नेमलं. ही त्यांची चूक. मी चष्मा पुसला, पहिला मोदक नाकाला धरून उचलला आणि नाक माझ्या चिमटीत आलं. मोदक सेक्रेटरीसाहेबांच्या मिसेसचा होता. मी मोठ्याने कळ्या मोजल्या. एका ताटलीतला मोदक उभा कापून सर्वांना पारीचा छेद दाखवला. भाषणात सांगितलं, की पहिला क्रमांक आहे, दुसरा-तिसरा नाही, आणि उत्तेजनार्थ कुणालाच नाही, पण प्रत्येकाने दहा मिनिटं थांबावं, मी काय सुधारायचं ते सांगेन. कुणी थांबलं नाही. उरलेल्या सहा स्टीलच्या वाट्या अजून सोसायटीच्या ऑफिसात आहेत आणि आमच्या गाडीच्या पार्किंगचा प्रश्न अचानक ऐरणीवर आलाय.

कौतुकाच्या अपेक्षेने मी हे आत्याला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, त्या बायका मोदक शिकायला घेऊन आल्या होत्या की दाखवायला?"

"दाखवायला."

"मग छान म्हणायचं, एक खायचा आणि घरी यायचं. तुला कुणी विचारलं होतं?"

"पण तू मला त्या दिवशी..."

"तू परत आलास म्हणून. नसतास आलास तर मीही म्हटलं असतं लोकांत, भाच्याने छान केले हो मोदक."

घरी येऊन मी वेगळा प्रयोग केला. मंगळवार होता. उपम्याचा पहिला घास घेऊन बायकोला, होईल तितक्या हळुवारपणे, सांगितलं की मला उपमा मुळात आवडत नाही, कधीच आवडला नव्हता. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला तरी कुठे आवडतो? तुम्ही दर वेळी छान म्हणता म्हणून करते." बत्तीस वर्षांचे मंगळवार. मी हिशेब करायला घेतला आणि हजारावर गेल्यावर सोडून दिला. बँकेत होतो, तरी काही आकडे माणसाने पूर्ण करू नयेत.

परवाच्या संकष्टीला चंद्रोदय साडेनऊच्या पुढे होता आणि त्यात ढग. आत्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती. अकरा मोदक मी हळदीच्या पानावर वाफवले होते, पात्रातलं पाणी आधी खळखळून उकळून, प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून, घड्याळ लावून. पंचांगात चंद्र उगवल्यावर ढगांवर विश्वास ठेवून तिने हात जोडले, नैवेद्य दाखवला आणि चष्मा पुसला.

पहिला मोदक नाकाला धरून उचलला. सगळा आला. तिने तो जरा हलवला, मग आणखी हलवला. तळहातावर घेऊन फिरवला. ओठ हलत होते. "तेरा," ती म्हणाली. दुसरा कापला. उजेडात धरला. कडा बघितल्या, बूड बघितलं, पुन्हा कडा. पान उचलून खाली पाणी सुटलंय का तेही बघितलं. मी मनाशी तयारी केली होती. आता वाफ निघेल, मीठ निघेल, निदान हळदीच्या पानाचा तरी काहीतरी दोष निघेल. ती काहीच बोलेना. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"तूप कुठाय?" ती म्हणाली.

तूप मी आणलंच नव्हतं. सव्वा वर्षात कधी लागलं नव्हतं.

"तुझ्याकडे नाही?"

"संपलंय. उद्या कढवणार. जा, पळ."

मी पळालो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सोवळ्यात, रात्री दहाला, दोन इमारती. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर कुणीतरी अडकवून ठेवलेली. जिन्याने वर गेलो, फडताळातून तुपाची बरणी काढली, बायकोने "काय झालं?" विचारलं त्याला उत्तर न देता जिन्याने खाली आलो. वॉचमनने सलाम केला, तो नेहमीपेक्षा जरा घाबरून. धापा टाकत आत्याच्या दारात पोचलो तेव्हा ताटात नऊ मोदक उरले होते.

"किती वेळ," ती बोट चाटत म्हणाली. "आण इकडे. वेलची जास्त झालीय."

आणि तिसऱ्या मोदकाचं नाक मोडून तिने वाटी पुढे केली.